टाच आधी, मोजा नंतर

मोजे विणायला शिकायचंय, असं तू म्हणालीस तेव्हाच मला बरं वाटलं होतं. कशासाठी ते कळल्यावर तर फारच. पौषाच्या थंडीत तुझे बाबा रात्रीच्या लाइटवर गव्हाला पाणी द्यायला जातात, गमबुटात पाय गारठतात, आणि संक्रांतीला माहेरी जाशील तेव्हा आपल्या हातचे लोकरीचे मोजे त्यांच्यासाठी न्यावेत असं तुला वाटतंय. विणकाम शिकायला याहून चांगलं कारण मला तरी माहीत नाही. तर ऐक, आणि मधेच 'मला नाही जमणार' म्हणू नकोस.

आपल्याकडे लोकर म्हटली की बाळंतविडा आठवतो. टोपडं, झबलं, दुपटं, हातापायाचे मोजे. घरात कुणाला दिवस गेले की आत्या-मावश्या ट्रंकेतल्या सुया बाहेर काढतात. पण बाळाचा तो मोजा बहुतेक वेळा दोन सुयांवर सपाट विणून शेवटी शिवलेला असतो. बाळाला चालायचं नसतं, त्यामुळे टाच नेमकी बसली नाही तरी खपून जातं. चालत्या माणसाच्या मोज्यात हे खपत नाही. म्हणूनच स्वेटरवर स्वेटर विणलेल्या बायकासुद्धा मोज्याचं नाव काढलं की 'ते चार सुयांचं काम, बाई' म्हणून मागे सरतात. भीती चार सुयांची घातली जाते, अडतं मात्र टाचेपाशी.

माझं सगळं सांगणं एवढंच आहे गं: टाच आधी शिक. मोजा नंतर.

पायाकडे बघ ना एकदा. पोटरीकडून पाय सरळ खाली येतो आणि घोट्यापाशी काटकोनात पुढे वळतो. वरची नळी सोपी, पुढची नळीही सोपी, गोल गोल सुलट विणत जायचं. जी काय बुद्धी लावायची ती या वळणावर. आणि शिकणारी काय करते? हौसेने ४८ टाके घालते, बॉर्डर विणते, सहा इंच नळी विणते, चार-पाच संध्याकाळी त्यात घालवते आणि दमून टाचेपाशी येते. तिथे पहिल्यांदाच काहीतरी अवघड समोर येतं, चुकतं, आणि उसवायचं म्हटलं तर मागचं सगळं काम डोळ्यांसमोर उभं राहतं. मग ते अर्धं काम पिशवीत जातं. तुझं तसं व्हायला नको.

आता सामानाचं बघू. आपल्या वारंगा फाट्यावर अकोला-हिंगोली-नांदेड आणि नागपूर-यवतमाळ-नांदेड असे दोन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येतात. रात्री बारालाही इथे चहा मिळेल, पंक्चर काढून मिळेल, पण लोकर मिळणार नाही. आखाडा बाळापूर किंवा कळमनुरीच्या दुकानात 'लोकर' म्हणून जे गुंडे मिळतात त्यांतले बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात. बाळाच्या टोपड्याला ते चालतं, धुवायला सोपं पडतं. गमबुटातल्या मोज्याला मात्र घेऊ नकोस. अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही, पाय आत ओलाचिंब होतो. मेंढीची खरी लोकर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि दमट झाली तरी ऊब धरून ठेवते. बाबांना हवं आहे ते हेच.

खरी-खोटी कशी ओळखायची? वीतभर धागा तोडून चिमट्यात धर आणि काडी लाव. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते, हळूहळू जळते, आणि मागे राहिलेली काळी राख बोटाने चुरगाळता येते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. तो मणी गरम असताना हात लावू नकोस, चटका बसतो.

शंभर टक्के लोकरीचाही हट्ट धरू नकोस. निव्वळ लोकर टाचेला आणि चवड्याला लवकर झिजते. मोज्यांसाठीच्या धाग्यात बहुधा ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं, ते योग्यच आहे. असा धागा नांदेडला मिळाला तर उत्तम, नाहीतर ऑनलाइन मागव. मध्यम जाडीचा घे, ज्याला दुकानदार डबल निट म्हणतात. पुरुषाच्या जोडीला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम लागेल. सगळे गुंडे एकदमच घे आणि लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघ. लॉट बदलला की रंगात फरक पडतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्यात तो कळत नाही, उन्हात मोजा धरला की कळतो.

कुणी सुचवेल की आपल्या धनगरांकडून लोकर घे. त्या लोकरीबद्दल मला फार आदर आहे. दख्खनी मेंढीच्या त्या राठ केसांतूनच घोंगडी होते, आणि पावसात घोंगडीइतकं भरवशाचं पांघरूण दुसरं नाही. पण तोच राठपणा उघड्या पायाला टोचतो. मोज्याला मऊ लोकरच हवी.

सुया चार लागतील, दोन्ही तोंडांना टोक असलेल्या. पाकिटात बहुधा चार येतात. नंबर बघताना मात्र सावध राहा. आईच्या डब्यातल्या सुयांवर जुन्या इंग्लिश पद्धतीचे नंबर असतात आणि ते उलटे चालतात. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १२ नंबर म्हणजे पावणेतीन, १४ नंबर म्हणजे दोन. नंबर वाढला की सुई बारीक होते. ऑनलाइन मागवशील तेव्हा मापं मिलिमीटरमध्ये असतात. तिथे १० बघून मागवलीस तर बोटाएवढी जाड सुई घरी येईल. तुला सव्वातीन मिलिमीटर हव्यात, म्हणजे आपला १० नंबर. निलगिरीतल्या केट्टीच्या कारखान्यात होणाऱ्या पोनीच्या सुया गावोगाव मिळतात, त्या चांगल्या असतात. हात घामेजत असेल तर मात्र बांबूच्या घे, टाके कमी घसरतात.

बघ, सामान घरात आलं तरी मोजा सुरू करायचा नाही. आधी नुसती टाच विणायची. त्याला चार सुया लागत नाहीत. नेहमीसारख्या दोन सुया घे आणि २४ टाके घाल.

पहिल्या ओळीत पहिला टाका न विणता उचलून घे, पुढचा सुलट, पुन्हा एक उचलायचा, एक सुलट, असं टोकापर्यंत. पलटी मारलीस की पहिला टाका उचलून बाकीचे सगळे उलट. या दोन ओळी पुन्हा पुन्हा, एकूण २४ ओळी. हात लावून बघशील तर ही वीण नेहमीच्या विणीपेक्षा जाड आणि कडक लागते. उचललेल्या टाक्यांच्या मागून धागा आडवा जातो आणि दुहेरी अस्तर धरतं. बुटाशी घासणारी जागा ही, म्हणून जाड करायची. हवं तर इथे लोकरीबरोबर त्याच रंगाचा बारीक नायलॉनचा दोराही विण. शिवाय दर ओळीचा पहिला टाका उचलल्यामुळे दोन्ही कडांना साखळी तयार होते, एकेका बाजूला १२ कड्यांची. ती मोजून बघ, पुढे फार कामाला येणार आहे.

आता वळण. इथे सावकाश वाच. वाचता वाचता हातानेही कर, नुसतं वाचून हे डोक्यात शिरत नाही.

सुलट बाजू समोर धर. पहिला टाका उचल, पुढचे १३ सुलट. मग दोनाचा एक सुलट, मग एक सुलट. डाव्या सुईवर अजून ७ टाके आहेत, त्यांना हात लावू नकोस. ते तसेच ठेवून काम पलटव. हो, मधूनच. इथेच नवखी थबकते, कारण आजवर आपल्याला शिकवलेलं असतं की सुई संपल्याशिवाय पलटायचं नाही. पलटव बिनधास्त. आता उलट बाजूने पहिला टाका उचल, ५ उलट, दोनाचा एक उलट, एक उलट. इकडेही ७ उरले. पुन्हा पलटव.

आता सुईवर नीट बघ. विणलेले टाके एका बाजूला घट्ट जवळजवळ आहेत, न विणलेले दुसरीकडे, आणि दोघांमध्ये छोटी फट दिसते. ही फट ओळखता आली की तुला टाच आली म्हणून समज. पुढच्या प्रत्येक ओळीत एवढंच करायचं: पहिला टाका उचलायचा, फटीच्या अलीकडे एक टाका राहीपर्यंत विणायचं, फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक अशा दोघांचा मिळून एक करायचा, मग आणखी एक विणायचा, पलटायचं. टाके मोजायची गरजच नाही, फट सांगते कुठे थांबायचं ते. शेवटच्या दोन ओळींत जोडटाक्यानंतर विणायला टाका उरत नाही, तो नाही म्हणून घाबरू नकोस. सगळे संपले की सुईवर १४ टाके राहतील. आणि आतापर्यंत सपाट असलेली ती पट्टी तुझ्या हातात आपोआप वाटीसारखी वळलेली असेल.

ती वाटी आपल्या टाचेवर बसवून बघ. पहिल्यांदा बसते तेव्हा खरंच नवल वाटतं. कात्री नाही, शिवण नाही, टीप नाही, नुसत्या दोनाचा एक करण्याने सपाट विणीला खोली आली. मग ती उसव. वाईट वाटून घेऊ नकोस, लोकर कुठे जात नाही. पुन्हा २४ टाके घाल आणि पुन्हा कर. कागद न बघता टाच वळायला लागली की पुढचं काम नुसतं चिकाटीचं आहे.

आता बाबांच्या पायाचं माप. पुस्तकातल्या 'मोठा, मध्यम, लहान' वर विसंबू नकोस. अनवाणी चालून चालून आपल्याकडच्या शेतकऱ्याचा चवडा रुंद झालेला असतो, आणि छापील मापं तशा पायांची नसतात. आईला फोन कर. वर्तमानपत्रावर बाबांना उभं करून पायाभोवती पेन फिरवून घ्यायला सांग. बसून नाही, उभं राहूनच, अंगाचा भार पडला की पाय पसरतो. आणि चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवती सुतळी गुंडाळून तिचं माप. संक्रांतीचं गुपित ठेवायचं असेल तर आई चपलेचं निमित्त सांगेल, आयांना असली निमित्तं लगेच सुचतात.

समज, घेर ९ इंच आला. मोजा पायापेक्षा थोडा लहान हवा, नाहीतर बुटात गोळा होऊन फोड आणतो. दहावा हिस्सा कमी कर, म्हणजे साधारण ८ इंच. आता तुझ्या हाताने एका इंचात किती टाके बसतात ते मोज. मध्यम लोकर आणि १० नंबर सुईवर साधारण ६ बसतात. आठ सख ४८. मात्र तुझा हात घट्ट असेल तर ७ बसतील, आणि मग ४८ टाक्यांचा मोजा बाबांच्या पायात जाणारच नाही. म्हणून माझे आकडे डोळे झाकून घेऊ नकोस, तुझ्या हाताचे काढ. येणारा आकडा चारने भागला जाईल असा कर, म्हणजे बॉर्डर बरोबर बसते.

४८ टाके सैल हाताने घाल. इथे घट्ट घातलेस तर मोज्याचं तोंडच टाचेवरून वर चढत नाही. दोन सुया एकत्र धरून त्यावर टाके घाल आणि मग एक सुई काढून घे, बरोबर सैल होतात. तीन सुयांवर सोळा सोळा वाटून घे, त्रिकोण कर, आणि जोडण्याआधी सगळे टाके एकाच दिशेला तोंड करून आहेत ना हे उजेडात बघ. एक जरी पीळ राहिला तर तो शेवटपर्यंत सुटत नाही. मग चौथ्या सुईने विणायला लाग. आणि हे लक्षात ठेव: कुठल्याही क्षणी काम करणाऱ्या सुया दोनच असतात. बाकीच्या दोघी टाके सांभाळत नुसत्या लोंबकळतात. तिकडे बघूच नकोस, भीती आपोआप जाते. एका सुईवरून दुसरीवर जाताना पहिला टाका जरा ओढून घे, नाहीतर तिथे उभी विरळ रेघ पडते.

दोन सुलट, दोन उलट अशी दोन इंच बॉर्डर, मग नुसतं सुलट. गोल विणताना उलट टाका लागतच नाही, हे सुख वेगळंच आहे. वरपासून सहा-सात इंच झालं की २४ टाके एका सुईवर घे आणि तुझी पाठ झालेली टाच कर. उरलेले २४ पावलाच्या वरच्या बाजूचे, ते थांबून राहतील.

टाच वळून १४ टाके उरले की ते सुलट विण आणि कडेच्या साखळीतून एकेक टाका उचलत जा. १२ कड्यांचे १२, आणि कोपऱ्यात भोक पडू नये म्हणून एक जास्तीचा, असे १३. मग वरचे २४ विण, पलीकडच्या कडेचे १३ उचल, आणि टाचेचे ७ विणून तळव्याच्या मध्यावर ये. फेरी आता इथून सुरू होईल. सुयांवर २०, २४, २० असे ६४ टाके झाले. एवढे नकोत, घोट्याभोवती जागा व्हावी म्हणून तात्पुरते वाढलेत. एक फेरी साधी विणायची. पुढच्या फेरीत पहिल्या सुईला शेवटचे तीन उरले की दोनाचा एक, मग एक सुलट. मधली सुई सरळ विणायची. तिसऱ्या सुईला पहिला सुलट आणि पुढच्या दोनांचा मागून सुई घालून एक. असं एक फेरी सोडून एक, आठ वेळा केलं की परत ४८.

पुढे कागदावरच्या पायाला लावून बघत बघत विण. अंगठ्याच्या टोकाला दोन-अडीच इंच राहिले की बोटांकडची उतरण सुरू. दोन्ही कडांना, वरच्या आणि तळव्याच्या अशा दोन्ही बाजूंनी दोनाचा एक, म्हणजे फेरीत चार टाके कमी. २४ उरेपर्यंत एक फेरी सोडून, मग प्रत्येक फेरीत, ८ उरेपर्यंत. धागा तोडून मोठ्या सुईत ओव, आठही टाक्यांतून फिरव, ओढ, आणि टोक उलट बाजूला गुंतवून टाक. गाठ मारू नकोस, गाठ बोटाला लागते.

हात बसल्यावर टोकाचे टाके आणखी सुबक, बिनशिवणीचे जुळवता येतात. त्या जुळवणीला किचनरचं नाव आहे. १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते तेच लॉर्ड किचनर, पुढे पहिल्या महायुद्धात इंग्लंडचे युद्धमंत्री झाले. खंदकातल्या थंड चिखलपाण्यात दिवसच्या दिवस उभं राहून सैनिकांचे पाय सुन्न पडायचे, सडायचे, कित्येकांचे कापावे लागले. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या त्या खंदकांत आपल्या पलटणीही होत्या. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत घराघरांत, शाळाशाळांत मोजे विणले गेले, आणि आतली शिवण बोटांना घासू नये याची काळजी घेतली गेली. आपल्याकडेही १९६२ च्या चीन युद्धात बायकांनी जवानांसाठी लोकरीचे कपडे विणले. मला यातून एवढंच कळतं की ओल्या थंडीतल्या पायाची काळजी हे किरकोळ काम नाही. ओलीत करणाऱ्या माणसाच्या पायांना तर वर्षानुवर्षं हीच थंडी असते, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

एक मोजा झाला की उठू नकोस. त्याच संध्याकाळी दुसऱ्याचे टाके घाल. एक झाल्यावर हौस फिटते आणि दुसरा पुढच्या हिवाळ्यावर जातो, असं फार जणींचं होतं. वहीत लिहून ठेव: बॉर्डर किती ओळी, नळी किती, टाचेनंतर तळवा किती. इंचांवर जाऊ नकोस, ओळी मोज. डावा-उजवा वेगळा नसतो, त्यामुळे दुसरा हुबेहूब तसाच करायचा. आणि वेळ बघून हात घाल. दिवाळीनंतर सुरू केलंस तर कापूस वेचून घरी आल्यावरही रोज थोडं होईल. फेब्रुवारीत एकदा हळद काढणी, शिजवणी लागली की पिवळे हात सुयांना लागायचे नाहीत.

चार गोष्टी जपायच्या, त्या मनावर घे. बाबांना साखरेचा त्रास असेल तर बॉर्डर अगदी सैल ठेव आणि आत गाठ, जाड शिवण काही नको. त्या पायाला टोचलेलं कळत नाही, आणि न कळलेल्या जखमेनेच पुढे सगळा घोळ होतो. मोजे काढले की रोज तळवे बघायला आईला सांग. फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालायचं नाही, शहाबादीवरून म्हातारं माणूस क्षणात घसरतं. नणंदेच्या बाळासाठी विणशील तेव्हा आतला प्रत्येक सुटा धागा गुंतवून टाक आणि घालताना दर वेळी मोजा उलटा करून बघ. सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला जातो, रक्त अडतं, आणि बाळ रडतंय कशाने ते कुणाला उमगत नाही. आणि स्वतःसाठी विणशील तेव्हा जोडव्यांचा विचार कर. आपली जोडवी विणीत अडकतात आणि टाका ओढून काढतात. बोटांचा भाग एक नंबर बारीक सुईने घट्ट विण, म्हणजे अडकत नाहीत.

चपलेत घालायला अंगठा वेगळा असलेले मोजे आपण बाजारातून आणतो ना, त्याचं तुला सांगायचं राहिलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे मोजे आहेत, दीड हजार वर्षांहून जुने, आणि त्यांनाही अंगठा वेगळा आहे. तेही चपलेतच घालायचे होते. दोन सुयांचं विणकाम तेव्हा नव्हतं, एका नेढ्याच्या सुईने फास घेत घेत ते केलेत. टाच मात्र त्यांनाही वळवलेली आहे.

धुताना गरम पाणी आणि ब्रश दोन्ही वर्ज्य. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटून घट्ट होते, मग तो मोजा कुणालाच येत नाही. रिठे भिजवून त्या पाण्यात बुडवून ठेव, दाबून पाणी काढ, पिळू नकोस, सावलीत पसरून वाळव. टाच विरळ झाली की भोक पडायची वाट न बघता त्याच लोकरीने रफू कर. त्यासाठी थोडी लोकर आताच बाजूला काढून ठेव.

लोक म्हणतील, फाट्यावर पन्नास-शंभरात मोजे मिळतात, कशाला डोळे फोडतेस. म्हणू देत. ते मोजे वाईट नाहीत, पण पातळ सुती-नायलॉनचे असतात आणि पहाटे तीनला पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या गमबुटात त्यांचा काही उपयोग नाही. आणि बाबांच्या रुंद चवड्याचं माप घेऊन ते कुणी केलेले नसतात.

तेव्हा आजच २४ टाके घाल. घरात असेल ती लोकर चालेल, उरलेलं अ‍ॅक्रिलिकही चालेल, नुसती टाच तर करायची आहे. फट दिसली नाही, किंवा शेवटी १४ च्या जागी भलतेच टाके उरले, तर उसवू नकोस, सुईसकट तसंच घेऊन ये. दुपारी चारनंतर मी घरीच असते.